शेवटचे प्रकरण सोडून

१

माझ्या दृष्टीच्या मध्यभागी एक डाग आहे. त्याला करडा म्हणावे तर तो करडा नाही. त्याला रंगच नाही. जिथे पाहावे तिथे तो असतो आणि त्याच्याभोवती जग पूर्वीसारखे असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले की दिनदर्शिका नाहीशी होते आणि शेजारचे कपाट दिसते. कपाटाकडे वळले की कपाट जाते, दिनदर्शिका परत येते. डॉक्टर म्हणाले, की मधले गेलेले परत येणार नाही, कडा मात्र बराच काळ टिकतील. जी वस्तू पाहायची तिच्याकडे पाहू नका, तिच्या बाजूला पाहा. आयुष्यभर मुलींना सरळ पाहा, सरळ बसा, सरळ लिहा म्हणून सांगितले. या वयात वाकडे पाहायला शिकले.

बीडच्या महाविद्यालयात मी संस्कृत शिकवीत असे. निवृत्तीनंतर प्रवीणच्या मासिकात ‘येऊ घातलेली पुस्तके’ हे सदर लिहू लागले. प्रवीण माझाच विद्यार्थी. सदरात केवळ अद्भुतकथा, विज्ञानकथा, गूढकथा. म्हणजे जे घडलेले नाही त्याचे वाङ्मय, आणि त्यातही जे अजून छापून झालेले नाही ते. संस्कृतच्या बाईंना हा नाद कसा लागला असे लोक विचारीत. उत्तर सोपे होते. जुने सारे माझे वाचून झाले होते. जे आले नाही त्याचा मला लोभ होता, अजूनही आहे.

प्रकाशक मला मुद्रिते पाठवीत, ज्यांना सगळे प्रुफे म्हणतात. सुटे कागद, सुतळीने बांधलेले, एसटीच्या पार्सलने. डोळे गेल्यावर हे थांबले असते. पण गल्लीच्या तोंडाशी जावेदचे दुचाकीचे गॅरेज आहे आणि त्याची मुलगी हुस्ना शिक्षकभरतीची तयारी करते. तिला शुद्ध वाचनाचा सराव हवा होता, मला डोळे. रोज दुपारी चारला ती येई, समोरच्या वेताच्या खुर्चीवर बसे आणि वाची.

माझे नियम तिला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी ‘वाच’ म्हणेपर्यंत आरंभ करायचा नाही. वाचताना इतर गप्पा नाहीत. प्रकरण संपले की विचारायचे, पुढे वाचू का. आणि येऊ घातलेल्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण मला कधीही वाचून दाखवायचे नाही. शेवट ठाऊक असला की समीक्षकाच्या वाक्यातून तो कुठे ना कुठे पाझरतो. बांधलेले पुस्तक दुकानात आले की मगच मी तो ऐकते.

हुस्नाला हा शेवटचा नियम मुळीच मान्य नव्हता.

“ऐका की बाई शेवट,” ती म्हणे. “तुमाला नगं तर कानात बोटं घाला, मी वाचते. जीव टांगून ठिवता तुमी माणसाचा.”

मी सुतळी मागून घेई आणि गठ्ठा स्वतः बांधी.

२

त्या दिवसांत आमच्याकडे एका नव्या लेखकाची कादंबरी होती. ‘उंबऱ्याअलीकडे’. पाऊस बंद होऊन पिढी लोटली आहे अशा पुढच्या काळात बालाघाटाच्या पठारावर एक हवामान-निरीक्षक एकटा राहतो. रोज कोरडे पर्जन्यमापक उघडतो, शून्य नोंदवतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी थोडे जवळ आलेले असते. प्रथम कुंपणापलीकडे. मग विहिरीपाशी. मग अंगणात. कोण, ते लेखक सांगत नाही, आणि निरीक्षकही विचारीत नाही. तो फक्त संध्याकाळी दुसरे ताट मांडू लागतो. कादंबरी उत्तम होती. मला ती रात्री झोपू देत नव्हती, आणि या वाङ्मयात याहून मोठी प्रशस्ती नाही.

याच सुमारास हुस्नाच्या वाचनात एक सुधारणा झाली.

सुट्या कागदांवरून मोठ्याने वाचणारा माणूस पान उलटताना वाक्यात तुटतो. कर्ता या पानावर, क्रियापद पुढच्या. मधे कागदाची सळसळ आणि एक श्वास. हुस्ना तर बोट जिभेला लावून पान उलटी, ते मला ऐकू येई आणि मी रागावत असे. एका दुपारी लक्षात आले, की बराच वेळ वाक्य तुटलेलेच नाही. स्वर वाहत होता. सळसळ नव्हती. शब्दोच्चारही स्वच्छ झाला होता. अनुनासिके जागच्या जागी, ‘नाही’मधला ह स्पष्ट. मनात म्हटले, शिकवलेले वाया जात नाही.

चहाचेही तसेच. मी अंदाजाने दोन कप करी, एक तिच्या खुर्चीशेजारच्या तिवईवर ठेवी. ती बशीत ओतून फुरके मारी, आणि तेही मला खपत नसे. तो आवाजही थांबला होता. चपला काढल्याचा आवाज तर मी जेवणानंतरच्या डुलकीत कित्येकदा ऐकतच नसे. जाग आली की म्हणे, “आलीस? वाच.” आणि वाचन सुरू होई.

मला समाधान वाटत होते. हे नमूद करणे भाग आहे, कारण पुढे ज्या गोष्टीचा मला संशय आला तिचे मी आधी कौतुक केले होते.

३

संशय आला तो अजानीमुळे.

आमच्या गल्लीत असरची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाची, अजान स्पष्ट ऐकू येते. हुस्ना त्या वेळी थांबे. ओढणी डोक्यावर घेतल्याची सरसर होई, ती गप्प बसे, अजान संपल्यावर पुन्हा वाचू लागे. हे मी तिला कधी सांगितले नव्हते, विचारलेही नव्हते. त्या विरामाची मला सवय झाली होती, आणि त्यात मी तेवढ्यापुरते ऐकलेले मनात घोळवून घेत असे.

त्या दिवशी अजान सुरू झाली आणि वाचन थांबले नाही. आवाज चढला नाही की घाईतही आला नाही. दोन्ही स्वर एकमेकांतून चालत राहिले.

मी म्हटले, “हुस्ना, थांब हवे तर.”

वाचन थांबले. पण ओढणी सरसरली नाही. मी बोलणे पूर्ण करावे म्हणून जणू कुणी वाट पाहत होते. मी काहीच बोलले नाही तेव्हा ज्या शब्दावर ते तुटले होते त्याच शब्दापासून पुन्हा सुरू झाले.

मनाची समजूत घातली, मुलीचे वय आहे, काही रुसवा असेल. घरात काही बोलणे झाले असेल. जावेदचा स्वभाव तापट आहे.

त्याच आठवड्यात प्रवीणचा दूरध्वनी आला. सदर मी भ्रमणध्वनीवर बोलून पाठवी, तो ते उतरवून घेई. या वेळी मी दहाव्या प्रकरणातल्या एका प्रसंगाची स्तुती केली होती: निरीक्षक दुसऱ्या ताटातले न शिवलेले अन्न सकाळी स्वतः खातो, आणि ते उष्टे असल्याची त्याला चव लागते. पुस्तकाची किंमत विचारताना प्रवीणने प्रकाशकाकडे त्या प्रसंगाचाही उल्लेख केला होता.

“बाई, गैरसमज करून घेऊ नका,” तो म्हणाला. “दहावे प्रकरण तुम्हाला कुठून मिळाले? त्यांनी आठच पाठवलीत. पुढचे अक्षरजुळणीला गेलेलेच नाही.”

“लेखकाकडून आले असेल.”

“लेखक अडकलाय, बाई. आठनंतर त्याने लिहिलेलेच नाही अजून.”

मी कपाटातला गठ्ठा काढला. वाचता येत नसले तरी बोटांना जाडी कळते. आठ प्रकरणांचाच होता तो. आणि त्यावरची सुतळी माझ्या हातची गाठ मारलेली, घट्ट, मऊ धुळीने माखलेली. ती कित्येक दिवसांत कुणी सोडली नव्हती.

४

विचारांना एकच वाट दिसली. हुस्ना हे सारे रचून सांगत होती. कागद हातात न घेता, समोर बसून, आंधळ्या म्हातारीला. म्हणून पान उलटत नव्हते, म्हणून वाक्य तुटत नव्हते. मला राग आला, आणि रागाखाली दुसरे काही होते ज्याला मी असूया म्हणेन. कारण नववे आणि दहावे प्रकरण आधीच्या आठांहून सरस होते.

दुसऱ्या दिवशी ‘वाच’ म्हणण्याऐवजी मी विचारले, “अब्बा बरे आहेत ना?”

उत्तर आले नाही.

“भरतीची तारीख लागली का?”

खुर्चीचा वेत करकरला नाही. घरात माझ्याखेरीज कुणाचा श्वास मला ऐकू येत नव्हता. मग समोरून, माझ्या अगदी समोरून, शांतपणे प्रश्न आला:

“पुढे वाचू?”

हुस्ना ‘फुडं’ म्हणते. कितीही शिकवले तरी बेसावध असताना ‘फुडं’च म्हणते.

“आज नको,” मी म्हटले. आणि ते थांबले. कुणी उठल्याचा आवाज मात्र झाला नाही.

संध्याकाळ होऊ दिली आणि बोटाच्या सवयीने हुस्नाचा क्रमांक लावला. तिला फार बोलले. विश्वासघात हा शब्द वापरला. उद्यापासून येऊ नकोस असेही सांगितले. पलीकडे तान्ह्या मुलाचे रडणे चालू होते.

“बाई, मी कवा आलते?” ती म्हणाली. “मी आष्टीला हाय की. आपाचं बाळंतपण अवघड झालं, मी पहाटंच्या गाडीनं निघून आलते. तुमी झोपलेल्या असताल म्हून छबुबाईला सांगून ठिवलतं. पंधरा-ईस दिस तर झाले असतील. सांगितलं न्हाई का तिनं?”

मला तिची क्षमा मागायला हवी होती. मी फोन खाली ठेवला.

सकाळी छबुबाई स्वयंपाकाला आली तेव्हा तिला विचारले. तिने आधी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

“इसरलेच बघा. पर मंग सांगायचं राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिशी भांडी न्यायला आले तर आतून वाचल्याला आवाज. मला वाटलं, बाईनं दुसरी पोरगी लावली. चांगली शिकलेली दिसती म्हनलं, पार तुमच्यावानी बोलती.”

“तू तिला पाहिलेस?”

“आत कावून येऊ? तुमी वरडता मधी आलं की. पर एक हाय बाई, चहा घेत न्हाई ती. रोज कप भरल्यालाच. वरती साय धरती. मीच वतून देते.”

५

त्या दुपारी जेवल्यावर मी झोपले नाही. दाराला आतून कडी लावली, ती लागली आहे हे दोनदा चाचपून पाहिले. मागचे दार छबुबाईने जाताना ओढून घेतले होते, त्यालाही अडसर घातला. गठ्ठा कपाटात, कपाटाला कुलूप. एकच कप चहा केला. मग माझ्या जागेवर बसले.

चार वाजून गेले. गल्लीत कुणीतरी दुचाकीची किक मारीत होते, ती लागत नव्हती. समोर डाग होता, खोलीत कुणी नव्हते. माझी बुद्धी प्रसन्नपणे म्हणाली: गल्लीतली कुणी वाचनवेडी मुलगी, दार उघडे पाहून येत होती, आज दार बंद आहे म्हणून आली नाही. प्रकरणे तिने रचली. संपले.

पण मग माझ्या ध्यानात आले, की आरंभ माझ्या शब्दाने होतो. आणि मी अजून तो उच्चारलेला नाही.

तो न उच्चारता उठून जाणे शक्य होते. अकराव्या प्रकरणात तो माणूस पायरीशी येणार होता, आणि हे जगात अजून कुणी लिहिलेले नव्हते. मी म्हणाले, “वाच.”

वाचन सुरू झाले.

मी डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे केले. खुर्चीकडे न पाहता दिनदर्शिकेकडे पाहिले. डाग दिनदर्शिकेवर गेला आणि त्याच्या डाव्या कडेला खुर्ची दिसू लागली. वेत, हात टेकायच्या दांड्या, तिच्यावर अंथरलेले हुस्नाचे फुलांचे आसन. खुर्चीत कुणी नव्हते.

आवाज मात्र दिनदर्शिकेकडून येत होता.

मी मान खिडकीकडे वळवली. आवाज खिडकीकडे गेला. कपाटाकडे पाहिले, तिथून आला. छताकडे, मग स्वतःच्या मांडीकडे पाहिले. मी जिथे पाही तिथे तो आधीच असे. तो खोलीत कुठे बसलेला नव्हता. तो त्या डागात बसलेला होता.

निरीक्षक ताट मांडून आत गेला होता. पायरीवर पाऊल वाजले होते. जो आला होता त्याने, उंबरा ओलांडण्यापूर्वी माणूस धरतो तशी, दाराची चौकट धरली होती. इथे अकरावे प्रकरण संपले, आणि त्याच क्षणी मला डागाच्या कडेवर, जिथून दिसणे सुरू होते त्या अंधुक रेषेवर, चार बोटे दिसली. आतल्या बाजूने धरलेली. नखे नीट कापलेली होती.

मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढेही डाग असतो, हे डॉक्टरांनी सांगितलेले नाही.

“पुढे वाचू?”

“नाही,” मी म्हटले. माझा आवाज वर्गातला झाला होता. “येऊ घातलेल्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण मी ऐकत नसते.”

ते थांबले. काय होते ते मला ठाऊक नाही, पण नियम पाळणारे होते. त्यानंतर कितीतरी दुपारी मी तोंडातून ‘वाच’ हा शब्द निघू दिला नाही. छबुबाईशी बोलतानाही ते क्रियापद टाळले. घर शांत राहिले. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, डाग किंचित पसरला आहे. या आजारात तसे होते.

६

हुस्ना परतली ती पेढे घेऊन. आपाला, तिच्या थोरल्या बहिणीला, मुलगा झाला होता. मी तिची क्षमा मागितली, तेव्हा ती म्हणाली, मास्तरणीचं बोलणं मनाला लावलं तर भरती कशी व्हायची. मी तिला बाकी काहीच सांगितले नाही. एका मुलीला घाबरवून परत पाठवायचे आणि पुन्हा त्या घरात एकटे बसायचे, हे मला झेपणारे नव्हते.

प्रवीणने पार्सल पाठवले होते. लेखकाची लेखणी अचानक मोकळी झाली, नववे ते अकरावे अशी प्रकरणे आली आहेत, शेवटचे तेवढे राहिले आहे, असा त्याचा निरोप होता. हुस्नाने पाकीट फाडले. चपला दारात वाजल्या होत्या, चहा बशीत फुरकला जात होता, जीभ बोटाला लागत होती. मी कशालाच रागावले नाही.

तिने नववे वाचले. पुढच्या दिवशी दहावे. प्रत्येक वाक्य मला ठाऊक होते. शब्दाला शब्द. न शिवलेले अन्न, उष्टेपणाची चव. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले आणि तिचा तुटणारा, अडखळणारा, जिवंत आवाज ऐकत राहिले. अजान झाली तेव्हा ओढणी सरसरली आणि विराम आला. त्या विरामात मला जितके सुरक्षित वाटले तितके कधी वाटले नव्हते.

तिसऱ्या दुपारी अकरावे. शेवटच्या कागदाआधी ती नेहमीसारखी तुटली. “आणि आलेल्याने उंबऱ्यापाशी,” इथवर वाचून तिने बोट जिभेला लावले.

“दाराची चौकट धरली,” वाक्य पूर्ण झाले.

कागद सळसळला आणि थांबला.

“या अल्ला,” हुस्ना हसत म्हणाली. “बाई, तुमाला तर पाठच हाय की सगळं.”

माझा हात तोंडावर होता. ओठ मिटलेले होते. बोटांना ते लागत होते.

तिने शेवटचा कागद वाचून गठ्ठ्यावर ठेवला. “झालं. फुडचं न्हाई पाठवलं त्यांनी. आता बसा वाट बघत.” ती कागद जुळवू लागली, सुतळी शोधू लागली.

“पुढे वाचू?”

मी तोंडावरचा हात काढला. नाही म्हणायला श्वास घेतला. पण वय झाले की शब्दाला यायला वेळ लागतो, आणि हुस्नाला तर हा प्रश्न मीच थट्टेने विचारला असे वाटले होते. इतक्या दिवसांत मी प्रथमच तिच्याशी थट्टा करीत होते.

“मला काय इचारता?” ती म्हणाली. “वाचा की. शेवटच तर ऐकायचा ऱ्हायलाय.”

डागाच्या कडेवर त्या दुपारपासून तशीच असलेली बोटे सुटली.

मग पान उलटल्याचा आवाज आला. हुस्नाच्या हातात पान नव्हते. ती अजून हसत होती, आणि ते हसू मधेच तुटले, पान उलटताना वाक्य तुटते तसे.